इनासकाकांचा जादा मैल

इनासकाकांच्या स्कूटरवर बसलेला माणूस पोचतो हे नक्की, फक्त जिथे उतरायचं असतं तिथे नाही. माझी शाळा आली की ते फाटकाकडे बघून मान हलवतात आणि स्कूटर तशीच पुढे दामटतात. बरोबर एक मैल. मग वळसा घालून परत. "टीचर, कुणी एक मैल ये म्हटलं तर त्याच्याबरोबर दोन मैल जावं, असं आमच्या प्रभूने सांगितलंय," हेल्मेटातून आवाज येतो. सांगितलं असेल, पण प्रभूला काही मस्टरवर सही करायची नव्हती.

मी मूळची संगमेश्वरची. भुईगावात घर घेतलं तेव्हा पाणी बघितलं, रस्ता बघितला, शेजार तेवढा बघायचा राहिला. शेजारी म्हणजे हे इनासकाका. सत्तरीला आलेले, केळीची बाग, आणि तोंडात एकच वाक्य: "नुसतं ऐकून काय उपयोग? करून बघायचं." रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाऊन फादरांचा उपदेश ऐकायचे ते, आणि सोमवारपासून भोगायचं आम्ही.

उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, हा उपदेश झाला त्या आठवड्यात काका डावा हात खिशात घालून केळी वाटायला स्कूटरवरून निघाले. डाव्याला काही कळलं नाही. काका मात्र केळ्यांसकट बागेच्या पाटात सापडले. दुसरा गाल पुढे करायच्या आठवड्यात त्यांनी घरातली मच्छरदाणी काढून टाकली. शनिवारपर्यंत तोंड असं सुजलं की त्यांच्या बायकोने, सिसिलकाकूंनीसुद्धा, आवाजावरून ओळखलं.

सदरा नेणाऱ्याला अंगरखाही द्यावा, हा उपदेश झाला त्या आठवड्यात वाऱ्याने उडून त्यांचा सदरा आमच्या अंगणात येऊन पडला. आमच्या ह्यांना कपड्यांची जाण एवढी दांडगी, की आपलाच समजून त्यांनी तो घातला. दुसऱ्या दिवशी काकांच्या दोरीवर एक पँट, आणि तिला चिमट्याने लावलेली चिठ्ठी: "सदरा नेलास, ही पँटही ने. तुझं भलं होवो." मी कपाळाला हात लावला आणि ह्यांना सदऱ्यासकट माफी मागायला पाठवलं. काका काही सदरा घेईनात. म्हणाले, "दिलेलं परत घ्यायचा उपदेश अजून झालेला नाही." आमचे हे पँटही घेऊन आले.

पण हे सगळं आठवडाभराचं. नवा रविवार आला की जुना उपदेश उतरायचा. तो जादा मैल मात्र दोन वर्षं झाली तरी उतरेना. त्या महिन्यातला उशिराचा तिसरा लाल शेरा बसला आणि मुख्याध्यापिकेने खोलीत बोलावून मला चारचौघींसमोर ऐकवलं, तेव्हा मी तणतणत सिसिलकाकूंकडे गेले.

काकूंनी चालू मिक्सर बंद केला. "टीचर, तो मैल संपतो ना, तिथे पावलू राहतो," त्या म्हणाल्या.

पावलू म्हणजे काकांचा थोरला भाऊ. नऊ वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या महिन्याच्या मिस्सानंतर दोघे भाऊ तिच्या पाटा-वरवंट्यावरून भांडले. हो, पाटा-वरवंट्यावरून. भांडता भांडता इनासकाकांनी सगळ्या नातेवाइकांसमोर थोरल्याच्या थोबाडीत मारली. पावलू पाटा उचलून बायकोच्या माहेरी, सांडोरला, निघून गेला. वरवंटा इथे राहिला.

"आता दोन्ही घरांत मिक्सर आहे," काकू म्हणाल्या. "ह्यांची एकट्याने जायची हिंमत होत नाही. पाठीमागे कोणी बसलेलं असलं की निमित्त मिळतं. तेवढंच लांबून बघून येतात."

"अहो, पण इतके सगळे उपदेश अंगी लावतात ते."

"त्यांतल्या कशात माफी मागायची नसते," काकू म्हणाल्या आणि मिक्सर चालू केला. माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या माणसाची मला फार कीव आली.

दुसऱ्या दिवशी शाळा मागे पडली. खड्डा आला, नेहमीसारखी डिकी गडगडली. मैल संपला तिथे केळीच्या बागेत एक घर होतं. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ केळीच्या पानांची चवड बांधत बसले होते. काकांनी वेग कमी केला, एकदा हॉर्न वाजवला आणि वळवायला घेतली.

"काका, थांबवा. मला इथे उतरायचंय."

"इथे शाळा कुठाय, टीचर?"

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं आणि उतरले. मी उतरल्यावर त्यांच्याकडे परत फिरायला निमित्तच उरलं नाही.

ओट्यावरून पावलूकाकांनी विचारलं, "टीचर, रोज उशीर होत नाही का तुम्हाला?" म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

इनासकाकांनी हेल्मेट काढलं. पायरीपाशी गेले, डोळे मिटले आणि गाल पुढे केला. पावलूकाकांनी वाकून तो गाल निरखला.

"आधी दाढी कर," ते म्हणाले.

मग काकांनी सीट वर करून डिकीतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. वरवंटा. दोन वर्षं मी त्यावर बसून शाळेत जात होते. "दादा, माझं..." एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

पावलूकाकांनी वरवंटा हातात घेतला, टॉवेलाने पुसला आणि घरात वळले. "आत ये," ते म्हणाले. "पाटा मी रोज धुऊन ठेवतो."

मी शाळेपर्यंत चालत गेले, पुरता एक मैल. चौथा लाल शेरा बसला. बसू दे म्हटलं.