नाव नसलेलं पाकीट

सिस्टरांनी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ पांढरा कपडा अंथरला, कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे घातले आणि मगच पार्सलला कात्री लावली.

"अगं, बॉम्ब नाहीये तो," समोर बसलेला नवरा म्हणाला.

"कुठल्या गोदामात पडलं होतं, कुणाकुणाचे हात लागलेत, कुणास ठाऊक!"

सिस्टरांना दोष देण्यात अर्थ नव्हता. एका मोठ्या रुग्णालयात, ऑपरेशनची हत्यारं जिथे निर्जंतुक होतात त्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या. सव्वीस वर्षं त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही कात्री कुणाच्या पोटाला लागली नव्हती. घरीही दुधाचं पातेलं उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय त्यात दूध पडत नसे. नवरा गाडी शिकवण्याची शाळा चालवायचा. जन्मभर शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे त्याला घरात कशाचीच भीती वाटत नसे, अशी सिस्टरांची समजूत होती.

पार्सलमधली वस्तू मात्र पातेलं नव्हती. दोन वर्षांपूर्वी सिस्टरांची गर्भपिशवी काढली. त्यानंतर नवरा-बायको जवळ आले की सिस्टरांना दुखायचं. एकदा दुखलं, दोनदा दुखलं, तिसऱ्यांदा त्यांनी पलंगाच्या मधोमध एक उशी ठेवली. "कंबरेला आधार," त्या म्हणाल्या. उशी तिथेच राहिली आणि दोघांनीही तिचा विषय काढला नाही. शेवटी गेल्या महिन्यात स्त्रियांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट विचारलं, सिस्टरांनी रडत रडत स्पष्ट सांगितलं, आणि चिठ्ठीवर औषधाच्या गोळीऐवजी दोन गोष्टी आल्या: एक जेल आणि हे छोटं, मंद थरथरणारं उपकरण. "दोघांनी मिळून. हळूहळू. घाई नाही," असं बाईंनी खाली लिहून दिलं होतं.

उपकरणाचे दोन भाग होते. आतलं बोटभर यंत्र चार्ज करायचं, आणि बाहेरचं मऊ सिलिकॉनचं आवरण काढून धुवायचं. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं: वापरण्यापूर्वी आणि नंतर साबण व कोमट पाण्याने धुवावे.

"साबण आणि कोमट पाणी?" सिस्टरांचा आवाज चढला. "काय, वाटीचमचा आहे का हा? मी आवरण उद्या विभागातल्या वाफेच्या मशीनमध्ये घालून आणते. यंत्र तुम्ही चार्ज करा."

नवऱ्याने पुस्तिका मिटली. मग म्हणाला, "रागावू नकोस. पण तुला ते स्वच्छ करायचंय, की लांबणीवर टाकायचंय?"

काही प्रश्न नेमके वर्मावर बसतात, त्यातलाच हा होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, विभागात कुणी नाही असं पाहून सिस्टरांनी ते आवरण हिरव्या कापडात दुहेरी गुंडाळलं. त्यावर ती खास पट्टी चिकटवली, जिच्यावरच्या रेघा वाफ नीट लागली की काळ्या होतात. आता नाव लिहायचं, म्हणून पेन उचललं आणि तिथेच घोडं अडलं.

कारण भिंतीवर त्यांच्याच अक्षरात नियम टांगलेला होता. ज्या पाकिटावर आतल्या वस्तूचं नाव, तारीख आणि सही नाही, ते कपाटात जाणार नाही; सरळ मेट्रनबाईंच्या टेबलावर जाईल. पाकीट कुणाचंही असो. या नियमाखाली सिस्टरांनी एकदा खुद्द मुख्य सर्जनांचं पाकीट पकडून दिलं होतं आणि त्यांना तोंडावर सुनावलंही होतं.

आता लिहायचं काय? खरं लिहिण्याची सोय नव्हती. खोटं त्यांनी सव्वीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. "इतर" लिहावं, तर कसलं इतर? "नमुना" लिहावं, तर कशाचा? शेवटी त्यांनी स्वतःची समजूत घातली की मशीनमधून निघाल्या निघाल्या आपण उचलणारच आहोत, मग नाव हवंच कशाला? पाकीट आत गेलं, दार बंद झालं, काटा चढू लागला.

दहा मिनिटांत फोन वाजला. रुग्णालयाला दर्जा देणाऱ्या संस्थेचे तपासनीस आले होते. पुढच्या आठवड्यात येणारी तपासणी आज, न सांगता! "नोंदवह्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर ताबडतोब," असा हुकूम होता. सिस्टर गेल्या. वह्या दाखवता दाखवता तास उलटला. धावत खाली आल्या, तेव्हा मशीन रिकामं होतं, पाकिटं कपाटात ओळीने लागली होती, आणि विभागातल्या मावशी पदराला हात पुसत विजयी मुद्रेने उभ्या होत्या.

"सिस्टर, आज एक बिननावाचं पाकीट निघालं बघा! तपासणीच्या दिवशीच कुणी घाण केली, काय माहीत."

सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. "कुठंय ते?"

"कुठं म्हणजे?" मावशींनी भिंतीकडे बोट दाखवलं. "नियमच आहे ना तुमचा! मेट्रनबाईंकडे देऊन आले. तपासणीवाले साहेब तिथंच बसले होते. त्यांनाही ठणकावून सांगितलं, आमच्या सिस्टरांच्या राज्यात असलं काही खपत नाही म्हणून."

"छान केलंत मावशी," सिस्टर कशाबशा म्हणाल्या. पंधरा वर्षं त्यांनीच मावशींना घडवलं होतं. आता बोलणार कुणाला? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जिन्याखाली उभं राहून त्यांनी नवऱ्याला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"ब्रेक! ब्रेक दाबा!" पलीकडून नवरा ओरडला. "तुला नाही गं, इथं समोर रिक्षा आलीय. हं, बोल. उघडलं का त्यांनी?"

"माहीत नाही. मी वर जाऊ की सरळ घरी पळून येऊ?"

"पळून कशाला? माझं आहे म्हणून सांग. मागवलं मीच होतं. माझं नाव घाल पुढे."

सिस्टरांना एकाएकी भरून आलं. हा माणूस दोन वर्षं एका उशीपलीकडे गुपचूप झोपला होता आणि आज सगळ्या जगापुढे स्वतःचं नाव द्यायला तयार होता. "नको," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे," आणि जिना चढू लागल्या.

मेट्रनबाईंच्या खोलीत तपासनीस पेन सरसावून बसले होते. मेट्रनबाई हसल्याचं रुग्णालयात आजवर फक्त दोनदा पाहण्यात आलं होतं, आणि त्यातल्या एका वेळी दाढ दुखत होती असंही काही जण म्हणत. त्यांच्या हातात ते हिरवं पाकीट होतं.

"उघडून दाखवा," तपासनीस म्हणाले. "आत काय आहे, ते तरी कळू दे."

मेट्रनबाईंनी पाकीट बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच चाचपलं. त्यांची बोटं थांबली. त्यांनी मान वर करून दारातल्या सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मेट्रनबाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"उघडता येणार नाही."

"का?"

"पट्टी शाबूत आहे, रेघा काळ्या झाल्यात. म्हणजे आतली वस्तू निर्जंतुक आहे. नुसत्या कुतूहलापोटी निर्जंतुक पाकीट फोडणं आमच्याकडे बसत नाही."

"अहो, पण त्यावर नावच नाही. हे आलं कुठून?"

"साहेब," सिस्टर बोलल्या, आणि आपला आवाज इतका स्थिर कसा, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "ते मी ठेवलं होतं. नाव मी लिहिलं नाही. नियम माझा, आणि मोडला पण मीच."

तपासनिसांनी चष्मा काढला. "म्हणजे विभागप्रमुख स्वतःहून चूक कबूल करताहेत? आणि मघाशी त्या बाईंनी पकडलं ते स्वतःच्या साहेबांचंच पाकीट?"

"हो."

"अकरा रुग्णालयं पाहिली मी या महिन्यात. सगळीकडे चूक होते ती रजेवर गेलेल्या माणसाची!" ते भराभरा लिहू लागले. "उत्तम. अत्युत्तम. फक्त आतली वस्तू कोणती, तेवढं सांगा."

"सिलिकॉनची आहे," सिस्टरांच्या आधी मेट्रनबाईच म्हणाल्या. "स्त्रियांच्या डॉक्टरांनी उपचारासाठी सांगितलेली." यात एक अक्षरही खोटं नव्हतं, पण त्यांना हे कसं कळलं, ते सिस्टरांना उमगेना. तपासनिसांनी ते लिहून घेतलं, चहाला नको म्हणाले आणि प्रसन्न चेहऱ्याने निघून गेले.

दार लागलं. सिस्टर खुर्चीच्या कडेवर टेकल्या. आता नोकरी जाणार, की नुसती अब्रू, एवढंच ठरायचं बाकी आहे असं त्यांना वाटलं.

"आतलं यंत्र काढलंस ना?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"अं? हो. घरी आहे. चार्जिंगला."

"चार्जिंगला लावलेलं असताना वापरायचं नाही. जेल कसलं आणलंय?"

"पाण्याचं."

"बरोबर. सिलिकॉनचं जेल सिलिकॉनला खातं. वस्तू दुसऱ्या कुणाला द्यायची?"

"कधीच नाही."

"आणि दुखलं तर?"

नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत उभं राहावं तशा सिस्टर ताठ झाल्या. "थांबायचं."

"की लाजून सोसायचं?"

"नाही. थांबायचं. सांगायचं."

"पास. पण वाफेच्या मशीनची काही गरज नव्हती. साबण आणि कोमट पाणी पुरतं. मी गेली सात वर्षं..." मेट्रनबाई एकदम थांबल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "ते असू दे. आणि पुन्हा रुग्णांच्या मशीनमध्ये घरचं सामान दिसलं, तर लेखी खुलासा घेईन."

सिस्टरांची भीड चेपली. त्यांनी उशीची हकिकतही सांगून टाकली. "भीती वाटते हो बाई. पुन्हा दुखलं, तर त्यांना किती वाईट वाटेल!"

"मग हे मला कशाला सांगतेस? मी काय त्या उशीच्या पलीकडे झोपते?" मेट्रनबाईंनी पाकीट त्यांच्या हातात कोंबलं. "अर्ध्या दिवसाची रजा घे आणि नीघ."

सिस्टर घरी पोचल्या, तर नवरा दुपारचे दोन्ही शिकाऊ परत पाठवून दारातच उभा होता. हातात ती पुस्तिका होती आणि तिच्या ओळीन् ओळीखाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या होत्या. सिस्टरांनी सगळं सांगितलं. मेट्रनबाईंच्या सात वर्षांपाशी आल्यावर तो इतका हसला की त्याला उचकी लागली. पाणी आणायला सिस्टर उठल्या आणि पाण्याचा पेला तसाच हातात धरून म्हणाल्या, "तुम्ही काल विचारलंत ते खरं होतं. मी लांबणीवरच टाकत होते. मला दुखण्यापेक्षा तुमचा चेहरा बघायची जास्त भीती वाटते."

नवऱ्याची उचकी थांबली. "मला काय कमी भीती वाटते? माझ्यामुळे तुला दुखतं, हेच डोक्यात बसलंय. म्हणून तर ती उशी कधी हलवली नाही. वाटायचं, तुला हवी आहे."

"मला वाटायचं, तुम्हाला बरी वाटते!"

दोन शहाणीसुरती माणसं दोन वर्षं एका उशीचं मन राखत होती, हे लक्षात आल्यावर दोघंही पुन्हा हसू लागली. या खेपेला सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"असं करू," नवरा हळूच म्हणाला. "आज गाडी तू चालव. मी शेजारी बसतो. ब्रेकही तुझ्याच पायाखाली."

सिस्टरांनी उशी उचलून कपाटात टाकली आणि खिडकीचा पडदा ओढला.

चार वाजता दोघं स्वयंपाकघरात चहा पीत होती. ब्रेक दोनदा लागला होता आणि दोन्ही वेळा गाडी निमूट थांबली होती. जेलची बाटली उघडली गेली होती. उपकरणापर्यंत मात्र पाळी आलीच नव्हती. यंत्र पूर्ण चार्ज होऊन बसलं होतं आणि हिरवं पाकीट जसंच्या तसं टेबलावर पडलं होतं.

"एवढा उपद्व्याप केला आणि उघडलंच नाही," सिस्टर म्हणाल्या.

"किती दिवस टिकतं गं ते?"

"कापडातलं पाकीट आठवडाभर. नंतर ते निर्जंतुक धरत नाहीत."

"म्हणजे घाई नाही," नवऱ्याने समाधानाने चहाचा घोट घेतला. "परवा रविवार आहे, बघू निवांत."

सिस्टरांनी पाकीट उचललं आणि पलंगाशेजारच्या खणात नेऊन ठेवलं.

"उद्या शनिवार आहे," त्या म्हणाल्या.