लॉरीवर चढलेली बरणी

आपला जावई पलटणीत लॉरी हाकतो, हे तानाबाईने गल्लीला तीन वर्षं ऐकवलं होतं. गल्लीनेही मुकाट ऐकून घेतलं होतं. फक्त समोरची रत्नम्मा मागावरून मान वर न करता म्हणायची, "हाकत असंल की तानाक्का. आमी कुटं बघितलंय?" हे वाक्य तानाबाईच्या मनात बाभळीच्या काट्यासारखं मोडून बसलं होतं.

त्यामुळे जावयाच्या पलटणीचा तळ विजापूर रस्त्याच्या माळावर पडल्याचं कळताच तिने लेकाला, धोंडीराम लोहाराला, सायकलवरून पिटाळलं. निरोप एवढाच, "जावईबापूंना म्हणावं, पायी आलात तर भाकरी मिळंल. लॉरी घेऊन आलात तर पुरणपोळी."

जावई ज्ञानबा पुरणपोळीला भुलणारा गडी नव्हता. पण सासूला भिणारा होता. गुरुवारी साहेबाने त्याला स्टेशनावरून बॅटऱ्या आणायला धाडलं, तेव्हा येताना त्याने लॉरी सासूच्या गल्लीत, साखर पेठेत घातली. लॉरीही साधीसुधी नव्हे, बिनतारीची. पोटात तारेवाचून बोलणारं यंत्र, आणि हवेतला आवाज धरायला बाजूला उभी केलेली दोन पुरुष उंच लोखंडी नळी. यंत्रापाशी मैंदर्गीचा हुसेनसाब बसलेला. बिनतारीतलं तो सोडून कुणालाच काही कळत नसे.

लष्करी लॉरी दिसताच गल्लीने धडाधड दारं लावून घेतली. सात-आठ वर्षांपूर्वीचा इंग्रज सरकारचा मार्शल लॉ सोलापूर विसरलं नव्हतं. तानाबाई ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी, आणि बघायला गल्लीत काळं कुत्रं नाही.

"अगं ए रत्नम्मा, उघड दार! धरायला न्हाय आलं कुणी, जावई आलाय माझा!"

समोरचं दार बोटभर उघडलं. मग वीतभर.

"जावईबापू, तितं नगा थांबवू. दारापातुर घ्या. उंबऱ्यावर ओवाळायचं असतंय."

"मामी, छपराचा वासा लई पुढं आलाय."

"वासा माझ्या घराचा हाय, मला म्हाईत न्हाय व्हय? मी सांगतीय की. या मागं. या... या... या..."

तिसऱ्या 'या'ला वरून कडाडकन आवाज झाला. नळी वाशाला अडली, लॉरी मात्र सासूचा शब्द पाळत मागे येत राहिली. नळी जिच्यावर बसवली होती ती लोखंडी बैठक मुळापासून तुटली, तिच्यातला चिनी मातीचा पांढरा गट्टू फुटून त्याचा तुकडा ताटातल्या कुंकवात पडला, आणि नळी गटारात.

"एवढी उंच करायचं काय अडलं हुतं?" तानाबाई नळीला म्हणाली. चूक कबूल करायची पद्धत तिच्या घराण्यात नव्हती.

ज्ञानबा लॉरीच्या पायरीवर मटकन बसला. "मामी, चार वाजता आमचा साहेब पुण्याच्या मोठ्या साहेबाशी बोलणार हाय. ह्याच नळीतनं. ह्या महिन्यात मला नाइकाची पट्टी मिळायची हुती. आता पट्टी कसली, कोठडी!"

पट्टीचं तानाबाईला ठाऊक होतं. नातेपुत्याच्या विहिणीलाही ठाऊक होतं, आणि विहिणीची जीभ तानाबाईच्या जिभेला घासून धार लावल्यासारखी होती. 'सासुरवाडीला गेला आन् पट्टी घालवून आला,' हे आपल्या लेकीला तिथे जन्मभर ऐकावं लागणार! तानाबाईने पदर खोचला.

"किती वाजल्यात?"

"साडेबारा."

"मग गळा काढायला काय झालं? लोहाराच्या दारात मोडलंय, न्हाव्याच्या न्हवं. धोंड्या, भट्टी पेटव!"

धोंडीरामने बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव भट्टीत घातली. तानाबाईचे मालक भाता ओढायला बसले. ते भाता ओढत होते आणि बोलत नव्हते; चाळीस वर्षांच्या संसारात दोन्हीची सवय झाली होती. धाव लाल झाली, वाकली, तिला भोकं पडली. नळी धरायला एक कडी कमी पडली, तेव्हा तानाबाईने मुसळाच्या टोकाची लोखंडी वसवीच उपसून दिली.

"आये, उद्या कांडायचं कशानं?"

"उद्याचं उद्या. तू ठोक."

दीड वाजता बैठक लॉरीला आवळून बसली आणि नळी ताठ उभी राहिली. तानाबाईने रत्नम्माकडे पाहिलं. रत्नम्मा आता ओट्यावरच येऊन बसली होती. हुसेनसाबने यंत्र चालू करून कान लावला आणि मान हलवली.

"नई अम्मा. मुर्दा."

"मुर्दा कसा? चांगली उभी हाय की!"

"उभी है, पन लोहे कू लोहा लग्या. आवाज सारा लॉरीच पी जाती. बीच में चिनी मिट्टी होना. वो गट्टू इसीच वास्ते था."

मग चहाचे कप आले. पहिला आवळताना फुटला, दुसरा ठोकताना. तिसरा धोंडीरामने हातात घेतला आणि आईने काढून घेतला.

"जाड होना अम्मा," हुसेनसाब म्हणाला. "बरनी के माफिक."

सगळ्यांचे डोळे आपोआप घरातल्या फळीकडे गेले. फळीवर तानाबाईची बरणी होती. वरून तपकिरी, खालून पांढरी, आईने लग्नात दिलेली. आत दोन वर्षांचं आंब्याचं लोणचं, करडईच्या तेलात. पाहुणा कितीही मोठा असो, त्यातली एकच फोड मिळायची. आणि ती खाऊन 'असलं लोणचं कुठं न्हाय' असं म्हणावं लागायचं.

"तानाक्का," रत्नम्मा ओट्यावरून म्हणाली, "माझ्याकडं एक बरणी रिकामी हाय. आणू काय?"

दुसऱ्या एखादीने 'आण बाई' म्हटलं असतं. पण रत्नम्माच्या लोणच्यात नुसता तिखटाचा जाळ, चवीचं नाव नाही, असं तानाबाई वीस वर्षं सांगत आली होती.

"नगं," ती म्हणाली. "माझ्या जावयाच्या लॉरीला लोकाची बरणी कशाला?"

जीभ पुढे गेली, मागून बरणीला जावं लागलं. लोणचं पितळेत कळकतं, म्हणून मडक्यात उपसलं. तानाबाईने बरणी पदराने पुसली, आणि लेक सासरी धाडावी तशी धोंडीरामच्या हातात दिली. "दुखवू नगंस तिला."

त्याने बरणीला तरटाची घडी गुंडाळून दोन कड्यांनी ती बैठकीवर आवळली. नळी बरणीत उभी केली, भोवती सुंभ कोंबलं आणि वरून वितळलेली राळ ओतली. हुसेनसाबने यंत्राला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग त्याचे दात दिसले.

"बोल रही है, अम्मा! पहले से साफ!"

"पर राळ अजून ओली हाय," धोंडीराम म्हणाला. "दाजी, आत्ता लॉरी हलली तर नळी कलंडंल. कुणीतरी धरून बसाया पायजे."

"कुणीतरी म्हंजे कोण? बरणी कुणाची हाय?" असं म्हणून तानाबाई लॉरीत चढली.

भर दुपारी सोलापूरच्या बाजारातून लष्कराची लॉरी निघाली, आणि तिच्यात नऊवारी नेसलेली बाई बरणीला मिठी मारून बसलेली. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी डुलावी तशी वर नळी डुलत होती. चौकातल्या पोलिसाने गडबडून सलाम ठोकला. तानाबाईने तो मान हलवून घेतला.

माळावर साहेब घड्याळ बघत उभा होता. तो बरणीपाशी वाकला, आणि त्याच्या नाकाला हिंगमोहरी झोंबली.

"ये क्या बू है?"

ज्ञानबा ताठ उभा होता. नुसता घाम तेवढा चालू होता. हुसेनसाब आकाशात काहीतरी शोधत होता.

"त्याला सांगा," तानाबाई वरूनच म्हणाली, "कोरी बरणी पाणी धरती. ही दोन वर्सं आंब्याच्या लोणच्यात, करडईच्या तेलात मुरल्याली हाय. हिच्या अंगाला थेंब चिकटत न्हाय!" यातलं तिला काडीचंही ठाऊक नव्हतं. पण आपल्या बरणीला नाक मुरडलेलं तिला खपलं नाही.

हुसेनसाबने ते साहेबाच्या भाषेत कसंबसं पोचवलं. साहेबाने कमरेची बाटली काढून पाणी बरणीवर ओतलं. जुना गट्टू ओला झाला की यंत्र तासभर मुकं व्हायचं. बरणीवरून मात्र पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं निघून गेलं आणि यंत्र बोलतच राहिलं. चार वाजता साहेब पुण्याशी पोटभर बोलला. मग त्याने वही काढून बरणीचं चित्र काढलं, खाली चार ओळी लिहिल्या, आणि पुन्हा एकदा वास घेऊन पाचवी लिहिली.

सोमवारी ज्ञानबा पायीच आला. पण दंडावर नवी पट्टी होती. तानाबाईने भर उंबऱ्यात ओवाळलं. गल्लीची सगळी दारं सताड उघडी होती. काट्याचं टोक निघालं असं तिला वाटलं. पण जावई पाटावर बसेना.

"मामी, साहेबाचा हुकूम हाय. बाकीच्या पाच लॉऱ्यांनाबी अशीच बैठक, अशीच बरणी. परवा तळ हलायच्या आत."

"मग आणा की बाजारातनं पाच बरण्या. त्यात काय एवढं?"

"कोऱ्या चालत न्हाईत, मामी. हुकमात लिवलंय. आंब्याचं लोणचं, करडईचं तेल, दोन वर्सं मुरल्याली. तुमच्याच तोंडचं हाय सगळं." त्याने पट्टीवर हात ठेवला. "जमलं न्हाय तर ही परत द्यायची."

तानाबाईने गल्लीत नजर टाकली. दोन वर्षं मुरलेल्या पाच बरण्या एकाच घरात होत्या. उघड्या दारातून दिसतही होत्या, ओळीने मांडलेल्या. तेलाचाही प्रश्न नव्हता. साऱ्या गल्लीचं तेल एकाच घाण्यावरून यायचं.

समोरचं घर सात पावलांवर होतं. तानाबाईला पोचायला अर्धा तास लागला.

"रत्नम्मा... बरण्या..."

"देते की, तानाक्का. पाचीबी देते. जावई काय तुझा एकटीचा हाय? साऱ्या गल्लीनं बघितलाय आता." रत्नम्माने पाट मांडला. "पर रिकाम्या कराया पायजेत. दोन वर्सांचं हाय, जरा चव बघून सांग. बिघडलंबी असंल. तुला कळतंय त्यातलं."

समोर ताट आलं. अर्धी भाकरी आणि एक फोड. एकच.

तानाबाईने तुकडा मोडला. दारात ज्ञानबा पट्टी धरून उभा, त्याच्यामागे गल्ली. फोड तोंडात गेली. कान लाल झाले, डोळ्यांना पाणी आलं. तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि अर्धा रिकामा केला.

"मीठ..." ती शेवटी म्हणाली.

रत्नम्माचा हात बरणीवरच थांबला.

तानाबाईने पाची बरण्यांकडे पाहिलं, जावयाच्या दंडाकडे पाहिलं, आणि ताट पुढे सरकवलं.

"...मीठ बराबर हाय. आणखी एक फोड वाढ. आन् भाकरी अर्धी कशाला गं? सबंध दे की!"