'क'मध्ये 'अ' असतोच

"आजोबा, दगड पाण्यावर तरंगतो का?"

अतिदक्षता विभागातल्या तरुण डॉक्टरांनी हे इतक्या गोड आवाजात विचारलं, की खाटेवरच्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले. नाकात प्राणवायूची नळी, हातात सलाईन, पोटावर आतड्याच्या ऑपरेशनची ताजी पट्टी. तरीही त्यांनी प्रश्न आधी नीट तोंडात घोळवून पाहिला.

"कुठला दगड?"

"कुठलाही."

"कुठलाही म्हणत असाल तर हो. ज्वालामुखीतून निघालेला सच्छिद्र दगड तरंगतो. टाचा घासायला मिळतो बाजारात. आणि मी कुणाचा आजोबा नाही. ही एकच मुलगी, आणि हिनं लग्न केलेलं नाही."

खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली ती एकच मुलगी आपल्या चपलांवर चढवलेल्या निळ्या पिशव्यांकडे बघू लागली. तिचं लग्न न होणं आजवर दूधवाल्यापासून गॅस दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळवून झालं होतं. आता अतिदक्षता विभाग तेवढा राहिला होता, तोही झाला.

बाबांनी जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलं. फळ्यावर नियम लिहायला त्यांना दोन मिनिटं लागत, आणि उरलेला तास अपवादांत जाई. मुलांनी त्यांचं नाव अपवादसर ठेवलं होतं आणि ते बाबांना ठाऊक होतं. 'नाव बरोबर आहे, फक्त जोडून लिहा,' एवढंच त्यांचं म्हणणं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांच्या वाट्याला वाद घालायला लेकच काय ती उरली होती. ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत 'हे बरं की ते बरं' विचारायची, आणि घरी आल्यावर तिनं काहीही म्हटलं तरी ते बरं कसं नाही, ते बाबा सांगायचे.

डॉक्टरांनी तिला समजावलं की ही परीक्षा इथे सगळ्यांची रोज होते. मोठ्या ऑपरेशनच्या ताणानं शरीरात कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं उसळतात, त्यात झोप नाही, रात्रंदिवस दिवे आणि यंत्रांचे आवाज. मग काही म्हाताऱ्या माणसांचं डोकं गोंधळतं. त्याला भ्रम म्हणतात. तो लवकर ओळखावा लागतो, नाहीतर माणूस नळ्या उपसतो, कधी कधी हाताबाहेरही जातो.

"'काही' म्हणालात ते बरं केलंत," बाबा खाटेवरून म्हणाले. "अपवादाला जागा राहिली."

डॉक्टर हसले आणि पुढचे प्रश्न विचारू लागले. समुद्रात मासे असतात का? तुमच्या ताटात येईपर्यंत असतात. एक किलो हे दोन किलोंपेक्षा जड असतं का? किलो हे वस्तुमानाचं माप, जड हा शब्द वजनाचा, तेव्हा प्रश्न दुरुस्त करून आणा. हातोडीनं खिळा ठोकता येतो का? मला नाही येत, तुम्हाला येतो का? डॉक्टरांचं हसू एकेका उत्तरागणिक आखडत गेलं. शेवटी त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. मी अक्षरं म्हणेन, 'अ' आला की माझा हात दाबा, दुसऱ्या कुठल्या अक्षराला दाबायचा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं, आणि सावकाश सुरुवात केली. स. अ. व. इ. ह. अ. र. ट.

बाबांनी 'स'ला हात दाबला. 'अ'ला दाबला. 'व'ला दाबला. पुढेही जवळजवळ दर अक्षराला दाबत राहिले, आणि शेवटच्या 'ट'ला तर असा दाबला की डॉक्टरांनी हात झटकला.

"फक्त 'अ'ला म्हटलं होतं, आजोबा."

"मग 'अ' नसलेलं अक्षर म्हणा की. 'क'मध्ये 'अ' असतोच. 'स'मध्येही असतो. तुम्ही 'स्' म्हणाला असतात तर माझी काही तक्रार नव्हती."

डॉक्टर तिला बाजूला घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले की भ्रम आहे, आणि बराच आहे. तिनं परोपरीनं सांगितलं की हे असेच आहेत, जन्मापासून असेच असावेत, आजीही हेच म्हणायची. डॉक्टर मान हलवत राहिले. जवळच्या माणसांना स्वीकारायला वेळ लागतो, हे त्यांना शिकवलेलं होतं.

"त्यांनी 'इ'ला हात नाही दाबला," ती शेवटचा उपाय म्हणून म्हणाली. "आठवून बघा. 'इ'मध्ये 'अ' नसतो."

डॉक्टरांनी आठवून बघितलं. खरंच दाबला नव्हता. पण 'इ'ला हात न दाबल्याबद्दल गुण देण्याची सोय त्या परीक्षेत नव्हती. सिस्टरनं येऊन बाबांच्या दोन्ही हातांवर कापसाचे जाडजूड मोजे चढवले, म्हणजे नळ्या ओढता येऊ नयेत. ठोसे मारायच्या खेळात उतरल्यासारखे ते दिसू लागले. मोज्यातल्या मुठी त्यांनी वर धरून पाहिल्या, आणि लेकीकडे बघितलं. ती नजर तिला सोसली नाही.

ती त्यांच्या कानाशी वाकली. उद्या सरळ उत्तरं द्या, म्हणून गयावया केली. बाबा म्हणाले, खोटं बोलू का? तिनं सांगितलं, खोटं नाही, फक्त अपवाद गाळा. इथून लवकर बाहेर पडायचं तर डॉक्टर म्हणतील त्याला हो किंवा नाही, एवढंच म्हणायचं. बाबांनी काही कबूल केलं नाही. उलट, 'गाळा' हे क्रियापद तिनं बरोबर निवडलं का, यावर ते जरा वेळ बोलले.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाली, "दूध नासलंय वाटतं." 'वाटतं म्हणजे? नासलंय की नाही?' असं आतल्या खोलीतून कुणी विचारलं नाही. जरा वेळ वाट बघून तिनं दूध ओतून दिलं. ते नासलं होतं की नाही, हे तिला अखेर कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती पोचली तर डॉक्टर दारातच खुशीत उभे. बाबांनी सगळी उत्तरं बरोबर दिली होती. दगड नाही. मासे हो. किलो नाही. हातोडी हो. 'अ'लाच हात दाबला, तोही अगदी हलका. मोजे काढले होते. असंच राहिलं तर उद्या साध्या वॉर्डात हलवू, असं डॉक्टर म्हणाले. तिची छाती अभिमानानं फुगली. जन्मात पहिल्यांदा बाबांनी तिचं ऐकलं होतं.

"सुटलात, बाबा," ती खाटेजवळ जाऊन म्हणाली. "उद्या वॉर्डात जायचं."

"हो," बाबा म्हणाले.

सिस्टर गोळी घेऊन आली. "चला आजोबा, आपण गोळी घेऊया का?"

आता ते 'आपण म्हणजे तुम्हीही घेणार?' असं विचारतील म्हणून लेक ओठ दाबून थांबली. बाबा हो म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं. ते कुणाचे आजोबा नाहीत, हेही त्यांनी सांगितलं नाही. लेकीनं मुद्दाम म्हणून पाहिलं, "बाबा, माझा पाणी पिऊन झाला." लहानपणी असल्या चुकीला जेवण थांबायचं. बाबा छताकडे बघत होते.

ती डॉक्टरांकडे धावली. बाबा बरे नाहीत, असं तिनं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, का, काय केलं? ती म्हणाली, काहीच करत नाहीत, तेच तर सांगतेय.

"ताई, काल ते शुद्धीत आहेत म्हणून भांडत होतात. आज शुद्धीत नाहीत म्हणून भांडताय," डॉक्टर म्हणाले. मग जरा मवाळपणे त्यांनी सांगितलं की ताणाची संप्रेरकं नातेवाइकांच्याही अंगात उसळतात. काही खाऊन घ्या, जरा बसा.

ती काही न खाता खाटेशेजारच्या स्टुलावर बसली. बाबांची बोटं चादरीवर मोकळी पडली होती. आजवर जे विचारायची छाती झाली नव्हती ते तिनं विचारलं, कारण समोरचा माणूस पहिल्यांदाच वाद घालत नव्हता.

"बाबा, मी चांगली मुलगी आहे ना तुमची?"

"हो."

एवढं सोपं होतं तर. तिचे डोळे भरून आले. मग दुकानातल्या सवयीनं म्हणा, एक भिंग दाखवल्यावर हात आपोआप दुसऱ्याकडे जातो तशी, ती म्हणाली, "की वाईट आहे?"

"हो."

ती हसली की तिला हुंदका आला, हे सिस्टरला कळलं नाही. लेकीनं थेट डॉक्टरांना दंडाला धरून खाटेजवळ आणलं. तिच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचा आनंद होता.

"तुम्ही विचारा. यांना मुलगी आहे का, ते विचारा."

डॉक्टरांनी विचारलं. बाबा हो म्हणाले.

"आता मुलगी नाही ना, असं विचारा."

डॉक्टर घुटमळले. मग त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्हाला मुलगी नाही ना?"

"हो," बाबा त्याच आवाजात म्हणाले.

"बघा," लेक म्हणाली. "बघितलंत? मी सांगत होते." आणि डॉक्टरांचा दंड सोडून तिनं पदरानं तोंड पुसलं.

डॉक्टर चांगले होते. ते तिथेच खाली बसले, त्यांनी बाबांच्या डोळ्यांत बघितलं, अंगाला हात लावून पाहिला. आरडाओरडा करणारा भ्रम सगळ्यांना दिसतो, पण गप्प बसणारा हातून सुटतो, असं ते कुणाला न सांगता पुटपुटले. मग धावपळ झाली. छातीत जंतुसंसर्ग निघाला. औषधं बदलली, वॉर्डात हलवणं रद्द झालं. झोप लागावी म्हणून दिवे मंद केले, बाबांचा चष्मा त्यांच्या नाकावर आला. लेकीला एवढंच काम दिलं की रोज येऊन त्यांच्याशी नेहमीसारखं बोला.

नेहमीसारखं म्हणजे वाद. तो एकटीनं कसा घालायचा? तिनं प्रयत्न केला. "आज बाहेर गार आहे," म्हणायची, वाट बघायची, मग खालच्या आवाजात आपणच "कशाच्या मानानं?" असं विचारायची, आणि त्यावर उत्तरही द्यायची. शेजारच्या खाटेच्या नातेवाईक बाईंनी आपलं स्टूल जरा पलीकडे सरकवून घेतलं. बाबा हो म्हणत राहिले. ताप उतरला तरी हो. पुढे तेही थांबलं आणि ते नुसते बघू लागले. डॉक्टर म्हणत, वेळ लागतो. दुकानात गिऱ्हाईक 'हो, बरं दिसतंय' म्हणालं की तिचा हात थांबायचा.

एका दुपारी भेटायची वेळ संपली. सिस्टरनं लांबूनच खूण केली. लेकीनं पिशवी उचलली, चादर सारखी केली.

"येते, बाबा."

ती वळली. मागून आवाज आला, बसलेला, ओढून आणल्यासारखा.

"जातेस ना?"

ती पाठमोरीच उभी राहिली. "हो."

"मग येते काय म्हणतेस?"

"सगळे तसंच म्हणतात, बाबा. बोलायची रीत आहे."

"रीत असेल." मधे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "अर्थ काय होतो, ते बघ. येते म्हणालीस ना? मग क्रियापद पाळ."

सिस्टरनं पुन्हा खूण केली. लेकीनं स्टूल ओढलं आणि ती बसली.