बाळारामकाकांच्या गेमचा शेवट

कम्प्युटर चालू केला की बाळारामकाका आधी त्याला कान लावत. आतली घरघर नीट येतेय अशी खात्री पटली की मगच खुर्चीत बसत. एकदा माउस अडतोय म्हणून त्यांनी त्यात तेलाचे दोन थेंब सोडले. माउस कायमचा गेला. काका म्हणाले, तेल हलकं होतं.

त्यांचं तरी काय चुकलं? भिवंडीत तीस वर्षं ते पॉवरलूमचे जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे. नुसत्या आवाजावरून कुठला लूम कण्हतोय ते सांगत. त्या खडखडाटात कान अर्धे गेलेले, त्यामुळे त्यांनी सांगितलेलं गुपित पार गावाबाहेर कशेळीच्या पुलापर्यंत ऐकू जाई. "लूम थांबला न्हाय पायजे," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं कारागीर होतो. पुढे कारखाना बंद झाला, मी दापोड्याच्या एका गोदामात चिकटलो आणि काका घरी बसले. काकू त्याआधीच गेल्या होत्या.

एकटा माणूस भिंतीशी बोलायला लागेल, म्हणून मी त्यांना एक जुना कम्प्युटर आणून दिला आणि त्यात गेम बनवायचं किट घालून दिलं. तयार चित्रं उचलून पडद्यावर मांडायची आणि अमुक झालं तर तमुक कर, एवढं सांगायचं. वाटलं, चार दिवस रमतील. काका आठ महिने रमले.

गेम अर्थात कारखान्याचा. पण किटमध्ये राजवाडे, राक्षस आणि तोफा. लूम कुठून असणार? काकांनी चार पलंग ओळीनं मांडले आणि जाहीर केलं, हे लूम. कारागीर म्हणून एक शिपाई मिळाला, त्याची तलवार काही निघेना. त्यामुळे आमचा कारागीर तलवार लटकावून या पलंगावरून त्या पलंगावर धागे जोडत फिरे. तुटलेला धागा धावत जाऊन जोडायचा, नाहीतर लूम बंद. लूमचा आवाज काकांनी स्वतःच्या तोंडानं काढून भरला होता. मध्येच त्यांचा खोकलाही होता.

शुक्रवारी भिवंडीतल्या सगळ्या लूमना सुट्टी. त्या दिवशी काका जुन्या मंडळींना चहाला बोलवत आणि गेमला बसवत. पंधरा मिनिटांनी भोंगा वाजे आणि पडद्यावर येई, "शिफ्ट संपली. शेवट दिसला नाही." हा शेवट कोणता, ते काही केल्या सांगत नसत. आमच्यातले सगळ्यात चपळ कारागीर अन्सारभाई घामाघूम होऊन म्हणाले, "एक भी लूम नहीं रुकने दिया, मास्टर. और क्या चाहिए?" काकांनी त्यांना आणखी एक चहा दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. दर शुक्रवारी त्यांचा चेहरा असाच उतरे. कुणीतरी तो शेवट गाठावा म्हणून त्यांचा जीव तुटत होता, हे मला दिसत होतं. मला वाटलं, आमचा वेग कमी पडतोय. म्हणून मी गेम घरी नेऊन महिनाभर सराव केला. त्यांच्याजवळ बसून नीट विचारायला हवं होतं, ते मात्र सुचलं नाही.

मग एका शुक्रवारी मी एकटाच गेलो आणि एकही लूम क्षणभरसुद्धा थांबू दिला नाही. भोंगा वाजला. पडद्यावर तीच ओळ. मी वैतागून काकांकडे पाहिलं.

"दारात कोन उभा व्हता?" त्यांनी विचारलं.

"दारात? लक्ष नाही गेलं, काका."

"माजा पन न्हाय गेला," ते म्हणाले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी बोटानं दाखवलं. कोपऱ्यातल्या दारात एक राणी उभी होती, डोक्यावर मुकुट, हातात खजिन्याची पेटी. किटमध्ये बाई तेवढी एकच. पेटी म्हणजे जेवणाचा डबा. काकू रोज दुपारी डबा घेऊन कारखान्याच्या दारात येत आणि काका मान वर न करता हातानंच खुणावत, ठेव तिथं. डबा घेऊन आल्या त्या शेवटच्या दिवशी काकू बराच वेळ उभ्या होत्या. काहीतरी सांगायचं असावं. लूम अडले होते. काकांनी रोजचीच खूण केली. संध्याकाळी त्या दवाखान्यात होत्या आणि वाचा गेलेली, ती शेवटपर्यंत परत आली नाही. मीही त्या दिवशी कारखान्यात होतो. मीही मान वर केली नाही, आणि त्याची लाज अजून जात नाही.

चारही लूम बंद पडू दिले आणि दाराकडे गेलं, तरच शेवट. हे आधीच का नाही सांगितलं, म्हटलं, तर म्हणाले, "सांगून थांबला त काय उपेग?"

"मग काकू काय म्हणतात?" मी विचारलं.

"मना काय म्हाईत, ती काय सांगनार व्हती? काय न्हाय बोलत. डबा खोलते, दोगंबी बसून जेवतान."

तुम्ही स्वतः पाहिलाय का तो शेवट, असं विचारलं तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दरवेळी धागा तुटला की हात आपोआप जातो म्हणाले.

मी गेम पुन्हा लावला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो. धागे तुटत गेले. पहिला लूम थांबला, मग दुसरा. चौथा थांबल्यावर काका खुर्ची ओढून पुढे सरकले आणि एका बोटानं बाणाची कळ दाबत कारागिराला दाराकडे नेऊ लागले.