कागदावरची दंडार

जमादाराला मराठी वाचता येत नव्हतं. त्या दिवशी मंडईच्या मांडवात हे मला एकट्याला माहीत होतं, आणि आजपर्यंत मी ते कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आता सांगून टाकतो. पण त्यासाठी आधी डोमाजी सांगायला हवा.

डोमाजी एक वाक्य दोनदा बोलत नसे.

पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका गावात मी जनपद सभेच्या शाळेवर मास्तर म्हणून गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हा माणूस इस्माईलभाईंच्या हॉटेलात दिसला. हॉटेल म्हणजे एक भट्टी आणि दोन बाकं. "इस्माईलभाई, त्या गंजात काय उकळून राह्यलं, त्याचा एक घोट इकडं धाड गा." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "नरडं कोरडं पडलं बाप्पा, पाऊस पाड." तिसऱ्या दिवशी, "मी आलो म्हनून सांग तुह्या किटलीले." इस्माईलभाई वैतागले. "डोमा, सीधा चाय बोल ना रे!"

"चाय तं मी लहानपनी बोललो होतो," डोमाजी म्हणाला.

राम राम घातला तर म्हणे, "राम राम तं कालच झाला. आज काय आनलं?" सत्यनारायणाला येई आणि आरती सुरू झाली की चपला शोधू लागे. "थेच थेच आयकून देवाले कंटारा येत नसन काय?" बायको होती तोवर तिची तक्रार अशी, की या माणसाशी भांडता येत नाही, मागचं भांडण अर्धवट टाकून हा दरवेळी नवीनच काढतो. ती गेल्यावर तो बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, बैलांशी बोलू लागला. शाळेच्या खिडकीतून ऐकू येई. रोज वेगळं.

मी एकदा कारण विचारलं. "मास्तर, कालचं बोलनं आज बोललं तं तोंडाले शिळ्या अंबाडीचा वास येते."

अशा माणसाला शोभणारी एकच जागा त्या मुलखात होती, ती म्हणजे दंडार. आमच्या झाडीपट्टीत धान कापणीला आलं, दिवाळी झाली, की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडारी उभ्या राहतात. नाच, गाणं आणि मधेमधे सोंगं. डोमाजी सोंगाड्या. पाठ करायला काही नसेच. उभं राहायचं आणि समोर जो बसला असेल त्याच्यावर बोलायचं. पटवारी असो की पाटील, दंडारीत बोललेलं त्यानं हसून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप आपली चूक निस्तरायची, असा रिवाज होता. अर्ज करून जे होत नसे ते दंडारीत होई. एका पटवाऱ्यानं अशी दाबलेली बांधी परत केल्याचं लोक सांगत.

पुढे राज्यं नव्यानं आखली गेली, आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि मुंबईचे कायदे मागून एकेक करून येऊन पोचू लागले. त्यातलाच एक असा होता, की लोकांसमोर खेळ करायचा तर परवाना हवा. परवान्याआधी खेळ लिहून द्यायचा, साहेब तो तपासणार, आणि मग जे लिहिलंय तेच बोलायचं. जास्त बोललं तर गुन्हा.

गावात लिहिणारा मी. रोज संध्याकाळी डोमाजी शाळेच्या पडवीत येऊन सांगू लागला. मी म्हणायचो, "जरा थांबा, परत सांगा." तो परत सांगायचा आणि ते निराळंच असायचं.

"अहो, मघाशी असं नव्हतं."

"मघाचं गेलं ना गा उडून! आता हे बसलं आहे फांदीवर, हे धरा."

मी इतका खोडत गेलो की शेवटी कागद फाडून टाकला आणि सगळं माझ्याच मनानं लिहायला घेतलं. त्याला फक्त एका गोष्टीची काळजी होती.

आमच्या गावात पारबताबाई नावाची विधवा होती. छप्पर शाकारायला तिनं जंगलातून बांबू आणले. जंगल मालगुजाराचं, म्हणजे जुन्या जमीनदाराचं, होतं तोवर ते सगळेच आणत. आता जंगल सरकारचं होतं आणि पास लागत होता. जंगलखात्याच्या नाकेदारानं गाडी धरली, बैल नाक्यावर बांधून ठेवले, आणि सोडायला कोंबडे मागू लागला. एकदा दिले, तर परत मागितले. इकडे धान कापून पडलेलं आणि वाहायला बैल नाहीत. मंडईला नाकेदाराचे वरिष्ठ, रेंजर साहेब, येणार होते. त्यांच्या समोर ही गोष्ट दंडारीत काढायची, म्हणजे साहेब हसतील आणि बैल सुटतील, असा डोमाजीचा हिशेब होता.

"मास्तर, पारबताचे बैल टाकले ना कागदात?"

"टाकले," मी म्हणालो.

मी टाकले नव्हते. मी नोकरीत कायम झालेलो नव्हतो, आणि माझ्या अक्षरात नाकेदाराचे कोंबडे साहेबाच्या टेबलावर जावेत एवढी माझी छाती नव्हती. डोमाजीला वाचता येत नव्हतं. परवाना मिळाला. कागदावरची दंडार अगदी स्वच्छ होती. तिच्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

खेळ दिवसाउजेडी व्हावा अशी अट होती. दुपारी मांडव भरला. पुढे खुर्चीवर रेंजर साहेब, त्यांच्या मागे नाकेदार, बाजूला बंदोबस्ताचा पोलीस जमादार. जमादार सिरोंच्याकडचा. तेलुगू वाचायचा, मोडकी हिंदी बोलायचा. मंजूर खेळाचा कागद हातात धरून त्यानं मला बोलावलं आणि हळूच कानात म्हणाला, "मास्टर, ये अक्षर हमको नहीं आता. किसको बोलना नहीं. तुम बाजू में बैठो." माझ्यासाठी खुर्ची आली. गावात मला त्याआधी खुर्ची कोणी दिली नव्हती.

डोमाजी डोक्याला शिंगं बांधून, चार पायांवर चालत आला.

"अगा जोडीदारा," शेजारच्या सोंगाला तो म्हणाला, "चोर आपनच हावो म्हने. बांबू आपन तोडलो. पास आपन नाई काढलो. मालकीन बिचारी कोंबडे देऊन देऊन थकली, आता उद्या नाक्यावाला अंडे मागन. तुले येते का गा अंडं द्याले?"

मांडव फुटला. पारबताबाई पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती, कळलं नाही. रेंजर साहेबसुद्धा हसले. हे मी नीट पाहिलं आहे. मग नाकेदार त्यांच्या कानाशी लागला आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी जमादाराकडे पाहिलं. जमादारानं कागदावर बोट ठेवून मला विचारलं, "ये इसमें है?"

'आहे' म्हटलं असतं तर संपलं असतं. तो वाचू शकत नव्हता, आणि साहेबांना कागद मागवायची गरज वाटली नसती. डोमाजी खेळाच्या जागेवरून माझ्याकडेच बघत होता, निर्धास्त. मी त्याला 'टाकले' म्हणून सांगितलं होतं ना.

"नाही," मी म्हणालो.

डोमाजीला शिंगांसकट नेलं. वाटेत ती सोडायचं कोणाला सुचलं नाही. पोरं मागे धावत होती. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. चांद्याला खटला झाला. कारकून म्हणाला, "गुन्हा कबूल, असं म्हण." डोमाजी म्हणाला, "बैलानं म्हटलं साहेब, मी नाई." कोर्टात कोणी हसलं नाही. दंड झाला आणि वर्षभर कोणत्याही खेळात उभं राहणार नाही असं लिहून घेतलं. वर्ष संपल्यावर परवाना मागितला, तर मागच्या गुन्ह्याचा शेरा दाखवून नाकारला. त्या पुढच्या वर्षीही तेच. पारबताबाईचे बैल लिलावात गेले. दुसऱ्या गावांच्या दंडारी चालू राहिल्या, लिहिल्याबरहुकूम. लोक बघायचे आणि घरी जायचे.

कायदाच वाईट होता असं म्हणून मी बरीच वर्षं झोपलो. कायदा वाईट होताच. पण मांडवात कायदा माझ्याच तोंडून बोलला.

गावची तरणी पोरं मला धरून मारतील अशी माझी खात्री होती. कोणी आलं नाही. एक दिवस इस्माईलभाई चहा देताना म्हणाले, "डोमाने बताया. 'जमादारानं सोता वाचलन, मी माह्या डोऱ्यानं पाह्यलो.'" मला हायसं वाटलं. डोमाजीला कळलेलं नाही, असं मी धरून चाललो. काही दिवसांनी पारबताबाई शाळेवरून जाताना थांबली. "मास्तर, मले वाटलं तुमीच सांगलं. पन डोमाभाऊ म्हनते, जमादारानं सोता वाचलन, मी माह्या डोऱ्यानं पाह्यलो." मग पाटलाच्या पोरानंही तेच सांगितलं. अक्षर न् अक्षर तेच.

तेव्हा मला उमगलं. हा माणूस हे वाक्य पाठ करून घरोघर सांगत फिरत होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

मी त्याच्याकडे गेलो. तो बैलांना वैरण टाकत होता. मला तोंड उघडूच दिलं नाही. "पोरं सांगत होती, तुमी पाढे बरे शिकवता म्हने. माही नात येन पुढच्या सालात." मग म्हणाला, "मास्तर गेला तं दुसरा कोन येते या रानात?" आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. बैलांशी मात्र तो बोलत नव्हता.

त्याच वर्षी मी कायम झालो. पुढे बदली मागून घेतली. नात शाळेत आली तेव्हा मी तिथं नव्हतो.

डोमाजी अजून आहे, फार थकला आहे असं ऐकतो. हे मी इथं लिहिलं खरं, पण त्या गावात हे कोणी वाचणार नाही, आणि वाचणार नाही हे ठाऊक आहे म्हणूनच लिहिलं गेलं असावं. मंडई दरवर्षी भरते. तिथं, पारबताबाईच्या आणि त्या सगळ्यांच्या समोर उभं राहून, बैल मी कागदात टाकले नव्हते आणि 'नाही' मी म्हणालो, हे मला तोंडानं सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.