चौऱ्याहत्तराव्या पानावरचा आवाज

ज्या पत्राला उत्तर देणं गैरसोयीचं असतं, त्याला संपादकीय भाषेत 'विचाराधीन' म्हणतात. न्यूअर्कच्या व्हर्नेल पेटिस या बाईंचं पत्र १९८४ साली माझ्या टेबलावर बरेच महिने विचाराधीन होतं. (टेबल न्यूयॉर्कच्या एका संगीत मासिकाचं. नागपुरात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर जर्सी सिटीला मुलाकडे आलो, तेव्हा वाचकांची पत्रं लावायचं अर्धवेळ काम मिळालं. ते मला जमत होतं, असा माझा दावा नाही.)

आमच्या मासिकात वर्णभेद अजिबात नव्हता. फक्त संगीतप्रकार होते, आणि ते अत्यंत शास्त्रशुद्ध होते. गोऱ्या माणसाने गिटार वाजवली की रॉक. गिटार ठेवून कीबोर्ड घेतला की नवी लाट. काहीच न वाजवता नुसता कण्हला की प्रयोग. काळ्या कलावंताने गिटार, कीबोर्ड, व्हायोलिन किंवा करवत यांपैकी काहीही वाजवलं, की सोल, म्हणजे चर्चमधून आलेलं काळ्यांचं आर्त गाणं. सोलसाठी चौऱ्याहत्तरावं पान होतं; स्पीकरच्या जाहिरातींनंतर, टक्कल घालवणाऱ्या औषधाच्या आधी. गोऱ्यांना दर महिन्याला जागेसाठी धडपडावं लागे. काळ्यांची जागा कायम होती.

मुखपृष्ठाचंही तसंच. काळा चेहरा छापला की खप पडतो, असं संपादक क्रॅमरसाहेब सांगत. हा निष्कर्ष अनुभवावर आधारलेला होता. असा अंक एकदा काढला होता आणि त्या आठवड्यात हिमवादळामुळे दुकानंच उघडली नव्हती. पुन्हा प्रयोग करून हवामान बिघडवावं, असं कोणाला वाटलं नाही.

पेटिसबाई काळ्या होत्या आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवत. रॉक. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डचं परीक्षण अर्थातच चौऱ्याहत्तरवर आलं: 'चर्चमध्ये घडलेला, वेदनेत भिजलेला, उबदार आवाज.' परीक्षण अनुकूल होतं. अडचण इतकीच, की रेकॉर्डवर कोणी गायलेलंच नव्हतं.

'मी गात नाही,' बाईंनी लिहिलं होतं. 'मी इतकी बेसूर आहे, की चर्चमध्ये वडील मला मागच्या बाकावर बसवत. आता कंपनी म्हणते, दुसरी रेकॉर्ड गाण्याची करा, नाहीतर करार संपला. मी गिटार वाजवते, आणि तेही रॉक, एवढं मला लिहून द्या.'

पत्र घेऊन मी साहेबांकडे गेलो.

"दुरुस्ती छापू," ते म्हणाले. "आपण न्यायी लोक आहोत."

"कुठे छापायची?"

"चूक झाली तिथेच. चौऱ्याहत्तरवर."

"पण साहेब, ते त्या पानावर आलं, हीच तर..."

"श्री," माझं लांब नाव ते एवढंच घेत, "तुम्ही लायब्ररीत होतात ना? पुस्तक आपल्याच कपाटात परत गेलं पाहिजे."

मी पत्र घेऊन परत टेबलाशी आलो. (मला उत्तरं साधारण पुढच्या ऋतूत सुचतात.) पुढच्या अंकात दुरुस्ती आली: 'पेटिस यांनी न गाण्याचा जो संयम दाखवला आहे, त्यातूनही तो उबदार आवाज ऐकू येतो.'

जर्सी सिटीतल्या मराठी मंडळाच्या सत्यनारायणाला मी हे शेजारच्या उल्हासरावांच्या कानावर घातलं. ते इंजिनिअर. त्यांचा अमित कॉलेजातल्या एका बँडमध्ये ड्रम बडवायचा. त्यापायी घरी दोनदा पोलीस येऊन गेले होते. आमच्याच मासिकाने त्याच्याविषयी लिहिलं होतं: 'पूर्वेची ध्यानमग्न शांतता.'

"तुमचं मासिक उत्तम आहे हो," उल्हासराव म्हणाले. प्रसादाच्या द्रोणाबरोबर ते त्या मजकुराची झेरॉक्स वाटत होते. "आपल्या संस्कारांची कदर आहे त्यांना. त्या बाईचं सोडा. त्या लोकांना सवयच असते कम्प्लेंट करायची."

"बाबा, आय डोन्ट मेडिटेट," अमित म्हणाला. "मला पूजेला पाच मिनिटं बसवत नाही, आस्क आई."

"तू गप्प बैस. वाच काय लिहिलंय ते."

अमित माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही ऐकलीत तिची रेकॉर्ड?"

"ऐकणं माझ्या खात्यात येत नाही."

"मग कोणाच्या येतं?"

प्रश्न कार्यालयीन होता, म्हणून रीतसर चौकशी केली. परीक्षकाने रेकॉर्डच्या वेष्टणावरचा फोटो पाहिला होता. संपादकांनी परीक्षण पाहिलं होतं. कंपनीने मासिक पाहिलं होतं. रेकॉर्ड कार्यालयातच होती; प्लास्टिक अजून फोडलेलं नव्हतं.

ती मी घरी नेली आणि ऐकली. सून दोनदा दारात येऊन माझी तब्येत पाहून गेली.

मग मासिकाच्या छापील कागदावर बाईंना उत्तर लिहिलं. एका ओळीत, त्या गिटार वाजवतात आणि ते रॉक आहे. उरलेल्या पानभर, कसं वाजवतात. असं लिहून द्यायचा अधिकार मला नव्हता. सहीखाली हुद्दा लागतो, तोही नव्हता. नुसतं नाव घातलं. पाकिटावर तिकीट उलटं लागलं, पुन्हा लावलं, आणि विचार बदलायच्या आत पेटीत टाकलं.

आता बाईंचा करार टिकला का, माझी नोकरी गेली का, हे वाचकांना विचारायचं असेल. जरूर विचारा. बाईंचा वर्ण, गाव, चर्चमधला बाक हे सगळं तुम्ही इथवर लक्ष देऊन वाचलंत. त्या वाजवतात कशा, हे मी पानभर लिहिलं असं सांगितलं, तरी तुम्ही अजून विचारलेलं नाही.