सागवानी ओट्याच्या अभ्यंगाची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं घडलें वर्तमान येथें लिहिलें आहे, वाचणारांनीं पाट घेऊन बसावें. पृथ्वीवर राज्यें आलीं आणि गेलीं, परंतु जेथें धैर्य, विवेक आणि सागवान एके ठायीं नांदतात तें राज्य अढळ राहतें, ऐसा सिद्धांत आहे. आणि तो सिद्धांत भांडी घासावयाच्या सिंकापाशीं पहिल्याच महिन्यांत फुगला. राज्य म्हणावें तर तीन खोल्यांचें. गादीवर श्रीरंगराव विराजमान होते. गादी सोफ्याची होती, आणि मुलुखाचा कारभार त्यांच्या मातोश्री द्वारकाबाई आणि पत्नी केतकीबाई या उभयतां स्वयंपाकघरांतून पाहात. द्वारकाबाईंची ख्याती ऐसी कीं आसपास कोठें बाळ जन्मलें म्हणजे त्यास तेल लावून न्हाऊ घालावयास त्यांनाच बोलावणें येई, आणि घरीं जेवणें उरकलीं म्हणजे काळ्या दगडाचा ओटा तांब्यांनीं पाणी ओतून धुवावा हा त्यांचा नेम. पुढें गुडघ्यांनीं बंड केलें, मग बाळांकडे जाणें सुटलें, आणि ओटा तेवढा हातीं राहिला.

मग दगडास तडा गेला, आणि केतकीबाईंनीं मनीं धरिलें कीं नवा ओटा लाकडाचा करावा. खलबत जाहलें. "लाकडाचा? ओटा आहे का पलंग?" ऐसें मातोश्री वदल्या. "आई, दगडावर काचेचं भांडं जरा जोरात टेकलं तरी फुटतं. लाकूड कसं, ऊबदार असतं." "ऊब हवी तर शाल आण." श्रीरंगरावांनीं उभयपक्षीं मान डोलाविली आणि केतकीबाईंसह वखारीकडे कूच केलें. तेथें तुळशीराम मेस्त्री यांनीं एकेक लाकूड हुजूर दाखल केलें. पाइन म्हणोन परदेशी सरदार, दिसावयास गोरा आणि सुगंधी, परंतु केतकीबाईंनीं नख दाबितांच खूण उमटली, म्हणोन त्यास निरोपाचा विडा देऊन रवाना केलें. आंबा घरचा, परंतु त्याचें किडीशीं आंतून संधान ऐसा संशय. शेवटीं सागवान मुक्रर जाहलें, कारण त्याचे अंगीं मूळचेंच तेल आणि पाण्याशीं थोडेंबहुत निभावून नेण्याचा स्वभाव. तेंही नीट वाळलेलें, अरुंद पट्ट्या जोडून केलेलें घ्यावें, एकच रुंद फळी कितीही देखणी असो, पुढें वांकते, ऐसें मेस्त्रींनीं सांगितलें, आणि श्रीरंगराव रुंद फळीवरच हात फिरवीत उभे होते त्यांनीं तो हात खिशांत घातला.

ओटा स्थापन जाहला. निघतांना मेस्त्री म्हणाले, "ताई, गरम कढई थेट ठेवायची नाही, खाली चकती ठेवा. चिरायचं ते वेगळ्या पाटावर. महिन्याला जवसाचं तेल लावा, फोडणीचं नको, त्याला वास मारतो." आणि लिफ्ट आली, आणि द्वारकाबाईंनीं मागून विचारलें, "अरे, पण जपायचा कसा?" मेस्त्रींचा एक पाय आंत होता. "बाळासारखा जपा, आजी!" एवढें बोलोन दार मिटलें. या एका शब्दानें पुढील सर्व अनर्थ केला. द्वारकाबाईंचे हातीं कैक वर्षांनीं बाळ आलें. त्यांनीं जवसाचें तेल कोमट केलें, आणि कडेपासून मध्यापर्यंत रगडिलें, आणि सांधे चोळिले. आणि तेल लागलें म्हणजे न्हाणें आलेंच, मग डाळीच्या पिठानें तें उतरविलें, कढत पाण्याचे तांबे ओतिले, आणि अंग टिपून ओव्याची धुरी दिली. हा क्रम नित्य चालिला. केतकीबाई दिवसां कचेरीस जात, त्यांस सायंकाळीं तुकतुकी तेवढी दिसे. "आई, ओव्याचा वास कसला?" "पोट बिघडू नये म्हणून." तें पोट श्रीरंगरावांचें, ऐसें समजोन केतकीबाई स्वस्थ राहिल्या.

मग सिंकाजवळ लाकूड फुगलें, आणि पट्टीचा सांधा उकलला, आणि काळे डाग चढले, आणि एके दुपारीं केतकीबाई अवचित परतल्या तों समोर तांब्या उपडा होत होता. "आई! पाणी?" "मग? तेल लावून तसंच ठेवू? कुठलं बाळ राहतं असं?" "लाकूड आहे हो ते!" "तो म्हणाला की बाळासारखा." तेव्हां केतकीबाई क्रोधें बोलिल्या, "उद्यापासून ओट्याला हात लावू नका. नाहीतर हा उखडून परत दगड बसवते." द्वारकाबाईंनीं तांब्या पालथा घातला आणि फडकें पिळून वाळत टाकिलें. "बाळं सुटली. आता ओटाही नको. म्हणजे मी इथं यायचं ते फक्त जेवायला," ऐसें हळू म्हणोन बाहेर गेल्या. श्रीरंगरावांनीं वर्तमानपत्राची ढाल पुढें केली.

मेस्त्रींस पाचारण जाहलें. त्यांनीं लाकूड सुकूं दिलें, मग घासलें, सांधा भरिला आणि तेल लाविलें. "वाचला म्हणायचा. पण आंघोळ बंद." दारांत उभ्या द्वारकाबाईंनीं तें ऐकोन तोंड फिरविलें. केतकीबाईंनीं तें पाहिलें आणि विचारिलें, "आई, बाळाला ताप असला तर न्हाऊ घालता का हो?"

"छे! वेडी का काय? फडकं घट्ट पिळायचं, अंग पुसायचं, लगेच कोरडं करायचं. थेंब राहता कामा नये."

"आणि तेल?"

"हलक्या हातानं. जास्तीचं टिपून घ्यायचं."

"मग याला ताप आहे."

द्वारकाबाई पुढें आल्या आणि ओट्यावर उलटा हात ठेविला. "किती दिवसांचा?"

"कायमचा आहे, आई. जाणत्या हातात राहिला तरच निभावेल. मला नाही जमायचं."

"आधी नाही का सांगायचं? तापातल्या पोराला मी कढत पाणी घालत बसले!" ऐसें म्हणोन मातोश्रींनीं पदर खोंचिला, आणि मेस्त्रींस म्हणाल्या, "आणि तू रे, अर्धं सांगून लिफ्टमध्ये काय शिरतोस?", आणि श्रीरंगरावांस म्हणाल्या, "किल्ल्या आपटू नकोस तिथं."

येणेंप्रमाणें सागवान वाचलें, हळदीचे डागांस लिंबूमिठाचा उतारा ठरला, आणि शुश्रूषेचा कुल अधिकार द्वारकाबाईंकडे वंशपरंपरा कायम जाहला. तेव्हांपासून त्या दारांत खुर्ची टाकून बसतात आणि रोग्यास त्रास नको म्हणोन आंत कोणास सोडीत नाहींत. हा मजकूर बाहेरच्या खोलींत बसून लिहिला, लिहिणारास सकाळपासून चहा नाहीं. कोणाचें आंत जाणें साधल्यास अर्धा कप आणून द्यावा, साखर कमी.